देवकाबाई आणि ड्रमचं दार

आपल्या मंडळाच्या विशेषांकासाठी संपादकांनी मला विषय दिला होता 'पोलाद उभारणीत आपल्या समाजाचा वाटा'. तो लेख मी अर्ध्या तासात लिहून दिला असता. त्यात भट्ट्या आल्या असत्या, घाम आला असता, शेवटी एक घोषणा आली असती आणि तुम्ही माना डोलावल्या असत्या. तसली पत्रकं मी ढिगानं लिहिली आहेत. पण मी भट्टीवर कामाला नाही. मी कपडे धुतो. आणि मला एका बाईबद्दल लिहायचं आहे, जिचा मी गेली दोन वर्षं मत्सर करतो आहे.

हो, मत्सर. जरा सौम्य शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचे परदेशी तज्ज्ञ ज्या हॉस्टेलात राहतात त्याच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये आमची लाँड्री आहे. चादरी, टॉवेल, साहेबांचे कामावरचे कपडे, सगळं तिथं येतं. लाल धूळ इतकी की पांढरी चादर दोन दिवसांत विटेच्या रंगाची होते. हे हातानं धुणं शक्य नव्हतं म्हणून मशीन आली. ती कोणत्या देशाची ते मला ठाऊक नाही, पाटी वाटेत घासली गेली होती. एका दुभाष्यानं मला तीन आठवडे शिकवलं, एक जाडजूड पुस्तक दिलं, आणि मी चोविसाव्या वर्षी मशीनवाला झालो. आमच्या मजुरांच्या वस्तीत, कॅम्प-१ मध्ये, तेव्हा अवजड माल हलवणारे खलाशी होते, बेलदारी करणारे होते, गँगमन होते. मशीनवाला मी एकटा. आई नळावर सांगत फिरायची. मी तिला थांबवलं नाही.

बाहेरच्या माणसाला ही मशीन समजावी म्हणून थोडं सांगतो. आडवं टाकलेलं एक भलंमोठं लोखंडी पिंप समजा. त्याच्या आत भोकाभोकांचा पितळी ड्रम फिरतो. पुढं गोल दार, त्याला जाड काच आणि कडेनं रबराची चकती. पाणी वरून येतं, वाफ मागून येते, काम झालं की मोरीची तोटी उघडायची, पाणी खालून निघून जातं. आता खरी गोष्ट दाराची. आत उकळतं पाणी असताना कुणी दार उघडलं तर माणूस भाजून निघेल. म्हणून दाराशेजारी एक डबी आहे, तिच्यात पोकळ गोळा तरंगतो. पाणी आहे तोवर गोळा वर, आणि गोळा वर आहे तोवर दाराच्या कडीत खटका अडकलेला. पाणी उतरलं की गोळा खाली बसतो, खटका सुटतो, दार उघडतं.

पुस्तकात असं आहे. शेडमध्ये तसं नव्हतं. आठवड्यातून एकदा तरी पाणी जायचं आणि दार बंदच राहायचं. डबीत सुतळीचे धागे, बटणं, लाल गाळ अडकायचा. रबर फुगायचं. मग मी पेचकस, पाना, हातोडी घेऊन भिडायचो, आणि काचेतून चादरी माझ्याकडं बघत राहायच्या.

एकदा असाच मी कडीला लोंबकळून ओढत होतो. घडीच्या टेबलाजवळून आवाज आला, "वामनभाऊ, ओढू नका नं त्याले."

ती देवकाबाई. घडी करायला ठेकेदाराच्या आठ बाया होत्या, त्यांतली एक. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, आमच्याच कॅम्पातली. गोंदियाकडं बारा वर्षं बिड्या वळलेल्या. नवऱ्याचा पाय मालधक्क्यावर लोखंडाखाली गेला होता, तेव्हापासून तो खाटेवर, आणि घरातली चार तोंडं हिच्या हजेरीवर.

"मग काय आरती करू त्याची?" मी म्हणालो.

"थांबा न जरा. गोळा खाली बसला नाही अजून."

"तुमाले काय मालूम, बाई? पाणी जाऊन पंधरा मिनटं झाली."

"बसते तवा टक करते थो. आज केलं नाही."

मी आठ महिने त्या मशीनसमोर उभा होतो आणि मला टक असा आवाज ठाऊक नव्हता. ती हातातली चादर खाली ठेवून आली. आधी मोरीच्या पाइपावर हात ठेवला, तापलेला आहे का पाहायला. म्हणजे पाणी त्यातून गेलं की नाही ते कळतं. मग कपडे ढवळायच्या लाकडी दांड्यानं डबीला खालून तीनदा ठोकलं. झोपलेल्या पोराला उठवावं तसं, जोर न लावता. टक. तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग ती वळली आणि दाराला पाठ लावून रेलली. सगळ्या अंगाचा भार दारावर टाकला, आत. मी इतका वेळ ते बाहेर ओढत होतो. रबर दबलं, कडीवरचा ताण गेला, आणि तिनं मागं हात नेऊन कडी दोन बोटांनी वर केली.

बाया हसल्या. सखूबाई नावाची एक होती, तिच्या जिभेला हाड नव्हतं. "भाऊचे पाने सारे संपले का जी? अजून एक पेटी मागवा साहेबाकून!"

मी पण हसलो. माझं तोंड हसलं.

त्यानंतर इनचार्ज तिवारीबाबूंनी एक सवय लावून घेतली. दार अडलं की माझ्याकडं न बघता ते टेबलाकडं ओरडायचे, "अरे, देवका को बुलाओ." एक पांढऱ्या मिशांचे परदेशी साहेब होते, दर सोमवारी स्टूल घेऊन काचेसमोर बसायचे आणि आपली पॅन्ट फिरताना बघायचे, नातू पाळण्यात बसल्यासारखं. एकदा त्यांच्या खिशातला सुका मासा डबीत गेला. देवकाबाईनं तो शेपटीला धरून बाहेर काढला तर त्यांनी उठून तिला वाकून नमस्कार केला. मला त्यांनी कधी केला नव्हता, आणि त्यांच्या पॅन्टी मी धुत होतो! तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय. मी तेव्हा दर रविवारी सभेत उभा राहून 'कष्टकरी स्त्रीच्या हातातली कला ओळखा' असं बोलत होतो. पत्रकात छापतही होतो. आणि सोमवारी ती कला माझ्यासमोर दाराला पाठ लावून उभी राहिली की मी तोंड फिरवायचो.

तेव्हाच कळलं की लाँड्रीत एक जागा पक्की होणार. मशीन चालवणारा, ठेकेदाराचा नाही, थेट कारखान्याच्या हजेरीवरचा. एकच जागा. मी मनात म्हटलं, दार उघडणारीला देतील की पुस्तक वाचणाऱ्याला?

आणि मग मी जे केलं ते कुठल्याही ठेकेदाराला सुचलं नसतं. पिवळा रंग आणून मशीनभोवती जमिनीवर रेघ मारली. तिवारीबाबूंना सुरक्षिततेवर भाषण दिलं, पत्रकं लिहून लिहून हात बसलेला होताच, आणि त्यांच्या सहीनं हिंदीत पाटी लावली: महिला मजदूर पीली लाइन के अंदर न आएँ. खाली पुस्तकातले नियम, आणि नियमांच्या शेवटी देवकाबाईची पाठ लावून दाबायची युक्ती. माझ्या नावानं.

तिला वाचता येत नव्हतं. सखूबाईनं कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि तिला सांगितलं. देवकाबाईनं रेघेपाशी येऊन मला विचारलं, "मी जळली असती म्हणून केलं का, वामनभाऊ?"

"हो. तुमच्याच भल्यासाठी."

"बरं," ती म्हणाली आणि चादर उचलली.

वैशाखी पौर्णिमा आली. आमच्या कॅम्पाची मिरवणूक दर वर्षी निघते, बाया पांढऱ्या साड्या नेसतात. त्यांतल्या कित्येक साड्या नागपूरला दीक्षेच्या दिवशी नेसलेल्या, एरवी पेटीत असतात. पण वैशाखात कॅम्पाचा नळ तासभर येतो, आणि धूळ पेटीतसुद्धा शिरते. मी सभेत जाहीर केलं, "भगिनींनो, यंदा दगडावर आपटायचं नाही. आपल्या साड्या मशीनमध्ये धुतल्या जातील." टाळ्या पडल्या. तिवारीबाबूंकडून सुट्टीच्या दिवसाची परवानगी काढली, तोंडी. एकवीस साड्यांचं गाठोडं आलं. त्यात देवकाबाईची होती, दीक्षेचीच, काठ विरलेली, एका कोपऱ्याला टाके घातलेली.

सकाळी मी ड्रम भरला. गाठोड्याबरोबर मंडळाचे नवे निळे झेंडे होते, खळीनं कडक झालेले. वाऱ्यावर पुठ्ठ्यासारखे दिसले असते. म्हटलं, एकदा धुऊन निघाले की मऊ होतील. टाकले आत. सोडा टाकला, वाफ सोडली.

आता हसा. घरी माझे कपडे आई धुते. मशीनवाला मी, पुस्तक मला पाठ, पण नवा रंगीत कपडा आणि पांढरा कपडा एकत्र टाकू नये हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि पुस्तकात ते लिहिलं नव्हतं.

बाराच्या सुमाराला मोरीची तोटी उघडली. वाट पाहिली. कडी हलली नाही. डबीला ठोकलं, खालून, तीनदा. दाराला पाठ लावली आणि दाबलं. पाटीवर लिहिलं होतं तसं सगळं केलं. दार बंद. काचेत फेस आला होता, आतलं दिसत नव्हतं. मिरवणूक पाचला होती. एक वाजता बाया साड्या न्यायला आल्या आणि शेडच्या दारात उभ्या राहिल्या. देवकाबाई त्यांच्यात होती. ती रेघेपर्यंत आली आणि तिथं थांबली.

"वामनभाऊ, येऊ का आत?"

तिवारीबाबू खुर्चीत बसले होते. त्या दिवशी ते खास माझं काम बघायला आले होते, जागेचं नाव त्या आठवड्यात वर पाठवायचं होतं. मी म्हणालो, "नियम आहे, बाई."

"नियम राहू द्या. पाइपाले हात लावून पाहा फक्त."

मी हात लावला नाही. तिनं सांगितलं म्हणूनच लावला नाही. दोन तास, ऐका, दोन तास मी त्या दाराशी झगडलो. पेचकसानं खटक्यावर घाव घातले. सखूबाई म्हणाली, "भाऊ, मिरवणूक यंदाच्या वर्षीची आहे नं?" कुणी हसलं नाही. शेवटी मी दार उचकटायला सब्बल आणली. ती पाहिली आणि देवकाबाई रेघ ओलांडून आली. कुणाला विचारलं नाही.

तिनं पाइपावर हात ठेवला. "गार आहे," ती म्हणाली. "पाणी उतरलंच नाही. दाराचं काहीच चुकलं नाही, वामनभाऊ. थे आपलं काम करून राहिलं. तुमची मोरी बंद आहे."

ती जमिनीवर बसली, मोरीच्या खालचं झाकण फिरवलं, आत हात घातला आणि कापडाचा एक बोळा ओढून काढला. झेंड्याचा तुकडा. त्याच्यामागून पाणी आलं. निळं. शाईसारखं निळं पाणी शेडभर पसरलं, पिवळ्या रेघेवरून गेलं, बायांच्या पायांपर्यंत गेलं. एकवीस बाया खाली बघत होत्या. मग आतून टक झालं.

दार तिनं उघडलं. साड्या मी काढल्या. एकही पांढरी नव्हती. काही फिक्या निळ्या, काही डागडागांच्या, काहींवर मोठे काळपट ढग. नुसते झेंडे टाकले म्हणून इतकं झालं नसतं. बारा वाजता पाणी काढून गार पाण्यात खंगाळल्या असत्या तर बराच रंग निघाला असता. गरम सोड्यात तीन तास मुरल्या होत्या.

"झेंडे कावून टाकले रे बाबा?" एका म्हाताऱ्या मावशीनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळलं नाही म्हणून. मी म्हणालो, मशीनमध्ये बिघाड झाला. हे मी म्हणालो.

देवकाबाईनं आपली साडी शोधून काढली, पिळली, खांद्यावर टाकली आणि गेली. पाच वाजता काही जणी तशाच ओल्या निळ्या साड्या नेसून चालल्या, काही घरी बसल्या. मी सर्वांत पुढं होतो, घोषणा देत.

दुसऱ्या दिवशी तिवारीबाबूंना कुणीतरी वरून विचारलं की सुट्टीच्या दिवशी मशीन कुणाच्या कपड्यांसाठी चालली. तोंडी परवानगी ते विसरले. त्यांनी पाटीकडं बोट केलं आणि ठेकेदाराच्या मुकादमाला म्हणाले, "लाइन के अंदर कौन गया था?" लाइनच्या आत गेली होती एकच बाई. तिचं नाव हजेरीतून कापायला मुकादमाला एक मिनिट पुरलं. मी तिथंच उभा होतो. त्या वर्षी मी कामावरून काढलेल्या सात जणांसाठी पत्रकं काढली होती, दोघांना परत घ्यायला लावलं होतं. तिच्यासाठी एक ओळ लिहिली नाही. महिनाभरानं पक्की जागा मला मिळाली. आईनं नळावर पेढे वाटले.

तुम्हाला वाटेल, मला समाधान वाटलं असेल. नाही. ती गेल्यावर मत्सर जास्त झाला. दार अडलं की माझ्या कानात तिचं 'थांबा न जरा' यायचं आणि मी मुद्दाम थांबायचो नाही. तीन ठिकाणी भाजलो आहे, हात दाखवू शकतो.

पावसाळ्यात मी तिला भिलाई-३ कडं पाहिलं. रेल्वेच्या नव्या इमारतीवर रेजा म्हणून काम करत होती, डोक्यावर गाऱ्याचं घमेलं. मी खाली उभा राहून माफीचं भाषण सुरू केलं. तयारी करून गेलो होतो. तिनं दोन फेऱ्या तशाच केल्या. तिसऱ्या फेरीला थांबली.

"झालं का सांगून?"

"साडीचं माझ्याकडून..."

"साडी जाऊ द्या. साडी आता नीळ घातल्यावाणी दिसते, नेसते मी. माझं काम कुठं आहे, थे सांगा."

ती घमेलं घेऊन शिडी चढली.

त्या आठवड्यात मी तिवारीबाबूंना सगळं लिहून दिलं. झेंडे माझे, उशीर माझा, युक्ती तिची, रेघ माझी. त्यांनी वाचलं, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "पागल हो क्या? पक्की नौकरी है तुम्हारी. चुपचाप कपड़ा धोओ."

मग सोमवारी दार अडलं, चादरींनी भरलेलं. मी हत्यारं पेटीत ठेवली, स्टूल ओढला आणि बसलो.

"क्या हुआ?"

"मुझे नहीं आता," मी म्हणालो. "दरवाजा देवकाबाई को आता है. उनको बुलाइए."

मंडळात लोक आता सांगतात की वामननं एकट्यानं संप केला. फार शूर दिसतं ते. पण खरं असं की चार लोकांसमोर 'मला येत नाही' म्हणताना मी जमिनीकडं बघत होतो, आणि त्यातलं निम्मं तर खरंच होतं. तिवारीबाबूंनी मेमो दिला. दुसऱ्या फिटरला आणलं, त्यानं कडी वाकवली. दोन दिवस गेले, तीन गेले. आतल्या चादरींना वास सुटला. हॉस्टेलात साहेब लोक उघड्या गाद्यांवर झोपू लागले, आणि पांढऱ्या मिशांचे साहेब रोज येऊन दुभाष्यामार्फत विचारायचे, ती बाई कुठं आहे. चौथ्या दिवशी जीप भिलाई-३ ला गेली.

देवकाबाई उतरली तेव्हा तिच्या पायाला गारा लागलेला होता. शेडमध्ये बाया घड्या टाकून उभ्या राहिल्या. मी बाजूला झालो. तिवारीबाबू पिवळ्या रेघेवर उभे राहून म्हणाले, "आओ देवका, आओ. जल्दी खोलो."

ती मशीनकडं गेली नाही. घडीच्या टेबलाशेजारी भुईवर बसली आणि पदरानं तोंड पुसलं.

"कागद पयले," ती म्हणाली. "दार मंग."

"कैसा कागज?"

"कामाचा. ठेकेदाराचा नोको. कारखान्याचा, मशीनीवरचा."

"बन जाएगा, बाद में बन जाएगा. पहले दरवाजा तो..."

"मंग बादच येतो मी." ती उठायला लागली.

सखूबाई मोठ्यानं म्हणाली, "बस वं, बस! बाबू जाऊन राहिले कागद आणाले."

आणि बाबू गेले. वर कुणाकुणाला फोन झाले ते मला ठाऊक नाही. जेवणाची सुट्टी होऊन गेली. ती बसून होती. कुणीतरी तिला चहा दिला, तो तिनं बशीत ओतून सावकाश प्यायला. चारच्या पुढं तिवारीबाबू घामाघूम होऊन टाइप केलेला कागद घेऊन आले. तिनं तो घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि माझ्याकडं धरला.

"वाचा, वामनभाऊ. साऱ्याईले ऐकू जाईल असं."

मी वाचलं. तिचं नाव, मशीन अटेंडंट, आजपासून, कारखान्याच्या हजेरीवर. माझ्याबरोबरीनं. एकदा वाचून झालं तर म्हणाली पुन्हा वाचा, मी पुन्हा वाचलं. मग तिनं कागदाची बारीक घडी केली, चोळीत ठेवली, आणि दाराकडं गेली.

मी तिथं उभा राहून बघत होतो, आणि मनात आजवरची माझी सगळी पत्रकं उलगडत होतो. शेकडो ओळी, मागण्या, निषेध, 'आम्ही इशारा देतो की'. त्यांतल्या एकाही ओळीनं दुपारी मागितलेली गोष्ट संध्याकाळच्या आत मिळवून दिली नव्हती. तिचे चार शब्द पुरले: कागद पयले, दार मंग. ते मला सुचायला हवे होते.